पाचव्या डब्याच्या आतलं नाव

मित्रांनो, मी जुना आहे हे मी स्वतःच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला माझ्या अंगावरचे तडे मोजत बसायला नको. पण भंगार म्हणालात तर मला राग येईल. मी आगगाडीचा डबा आहे. खऱ्या गाडीचा नव्हे, खऱ्यासारखा हुबेहूब बनवलेला छोटा डबा. छोटा म्हणजे अगदी खिशात मावणारा नाही बरं का. मला उचलायला दोन हात लागतात, आणि माझी लांबी तुमच्या खांद्यापासून बोटांपर्यंत भरेल. एका मोठ्या बागेत, फुलांच्या ताटव्यांमधून आणि तळ्याच्या काठाने, बारक्या रुळांवरून आमची सहा डब्यांची गाडी धावायची. त्यातला मी पाचवा.

मला दोघांनी घडवलं, एका बहिणीने आणि तिच्या भावाने. बागेच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं निळ्या दाराचं घर आहे. खाली कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. भाऊ सुतार. पाळण्यात असल्यापासून हातात येईल ते आपटायचा, ठोकायचा, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. साठी आली तरी तेच नाव. बहीण त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला सगळा मोहल्ला ताई म्हणायचा, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात खऱ्या डब्यांवर अक्षरं आणि आकडे रंगवायचे. ताईने हात त्यांच्याच हाताखाली बसवला होता.

ठोक्या लाकूड कापायचा, खिडक्या कोरायचा, चाकं बसवायचा. मग मी ताईच्या टेबलावर यायचो. ती आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून खड्डे बुजवायची, पॉलिश पेपरने घासायची, अस्तराचा, म्हणजे खालच्या पहिल्या रंगाचा, हात द्यायची, पुन्हा घासायची. मग गडद हिरवा रंग. तो सुकला की खडूने दोन रेघा आखून त्यांच्यामध्ये पिवळी अक्षरं. एका हातातल्या काठीचं टोक माझ्या अंगाला टेकवून, त्या काठीवर दुसरा हात ठेवून ती असा ब्रश ओढायची की मला गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान होता.

आता आमच्या गाडीची एक गोष्ट सांगतो, जी बागेत येणाऱ्या लोकांना ठाऊक नव्हती. ताईचे वडील वारले, तेव्हा पहिल्या डब्याचं छत अजून बसवायचं होतं. ताईने आतल्या कोऱ्या भिंतीवर, तिसऱ्या खिडकीखाली, छोट्या अक्षरांत ‘बाबा’ असं लिहिलं. म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे रंगवले, एकदा तरी त्यांना खिडकीची जागा मिळू दे." ठोक्याने वरून छत बसवलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनवाले काका आले. बागेतलं इंजिन तेच चालवायचे. डब्याचं वजन चारही चाकांवर सारखं पडतं की नाही हे पाहायला ते प्रत्येक डबा तराजूवर ठेवत. पहिल्या डब्याची एक बाजू खाली बसली होती, तिसऱ्या खिडकीची. काकांनी ठोक्याकडे पाहिलं. "काल तर बरोबर होता रे. आत काय ठेवलंस?" ठोक्या म्हणाला, "काही नाही. बाबा आहेत." काका हसले नाहीत. त्यांनी त्या बाजूची स्प्रिंग दोन आटे घट्ट केली आणि डबा रुळावर ठेवला.

तेव्हापासून रीतच पडली. बागेच्या गाडीशी नातं जुळलेलं कुणी वारलं, की ताई त्याचं नाव एखाद्या डब्यात लिहायची. माळीबुवा दुसऱ्या डब्यात गेले. तिकिटं फाडणाऱ्या मावशी तिसऱ्यात. काकांची बायको चौथ्यात. थंडीच्या सकाळी त्या त्या खिडकीच्या काचेला आतून वाफ धरायची, थोडी विरायची, पुन्हा धरायची. मी रुळावर त्यांच्या मागे उभा राहून ते पाहायचो. भीती वाटायची का म्हणाल, तर वाटायची. पण त्याहून जास्त हेवा वाटायचा.

कारण माझ्यात कुणीच नव्हतं. मी रिकामा, हलका. वळण आलं की माझी चाकं उडायची आणि मी ताटव्यात लोळायचो. मुलं टाळ्या पिटायची. काका मला ‘उड्या’ म्हणायला लागले होते. ठोक्याने माझ्या तळाला लोखंडाच्या पट्ट्या ठोकल्या, तरी तेच. "सगळं मापात आहे," तो डोकं खाजवत म्हणायचा, "मग ह्याचं घोडं अडतंय कुठे?" सहावा तर माझ्यानंतर बनला होता, तरी त्याला तीन महिन्यांत माणूस मिळालं. माझ्या नशिबी नुसत्या पट्ट्या. मला अगदी रडू यायचं.

शेवटी ठोक्याने माझं छत काढलं आणि तळ नव्याने बसवायला घेतला. स्क्रूमुळे छत खडखडतं, म्हणून या खेपेला ते सरस लावून कायमचं चिकटवायचं असंही त्याने ठरवलं. त्याचं काम संपलं तेव्हा मी उघडाच ताईच्या टेबलावर आलो. माझा आकडा पुसट झाला होता, तो तिला नव्याने लिहायचा होता.

त्या दिवशी तिच्याकडे नवा ब्रश आला होता. अक्षरं रंगवणाऱ्या माणसांची एक सवय असते, मित्रांनो. नवा ब्रश थेट कामावर चालवत नाहीत. आधी एखाद्या टाकाऊ पत्र्यावर एक शब्द लिहून बघतात, केस फाकतात का, रंग किती धरतात. प्रत्येकाचा शब्द ठरलेला असतो. ताईचा शब्द होता ‘ठोक्या’. सहा-सात वर्षांची असताना बाबांनी तिच्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला, तेव्हा पाळण्यात तो रांगडा गडी खुळखुळा आपटत होता, आणि तिने त्याचंच नाव लिहिलं. बाबा म्हणाले होते, "छान शब्द निवडलास. ह्यात गोल आहे, उभी रेघ आहे, मात्रा आहे, जोडाक्षर आहे. हा जमला की सगळं जमलं." मग पन्नास-साठ वर्षं तिने प्रत्येक नवा ब्रश त्याच शब्दावर चालवला. हात आपोआप लिहायचा. ती शब्दाकडे बघायचीच नाही, बघायची ती केसांकडे.

त्या दिवशी पत्रा भरून गेला होता. आणि समोर माझी आतली कोरी भिंत होती.

तिचा हात आला. चौथ्या खिडकीखाली तिने ‘ठोक्या’ लिहिलं, ब्रशचं टोक उजेडात धरून पाहिलं, "वा!" म्हणाली आणि मला फिरवून बाहेरचा आकडा लिहायला लागली. तिच्या लक्षातही आलं नाही. आतल्या भिंतीला ना अस्तर होतं ना रंग. माझ्या कोरड्या लाकडाने ती अक्षरं खोल ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ठोक्याने आत न डोकावता वरून छत चिकटवलं.

आठवड्याने मी रुळावर गेलो आणि मित्रांनो, मी उडालो नाही! वळणावर दबून, डौलात गेलो. काकांनी टोपी काढून मला सलाम ठोकला. "उड्या आता माणसात आला," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी आणखी जड झालो, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. काकांनी माझी एक स्प्रिंग आवळली, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आवळली. बाकीच्या डब्यांत माणसं एकदम येऊन बसली होती. माझ्यात कुणीतरी हळूहळू, थोडं थोडं येत होतं.

कोण येतंय हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ते नाव माझ्याच अंगात होतं. पण मी गप्प बसलो. मला जड असणं फार आवडलं होतं. हे सांगताना आजही लाज वाटते.

तिकडे घरात ठोक्या झिजत होता. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला ताई दर आठवड्याला नवं भोक पाडत होती. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "रिपोर्ट तर माझ्यापेक्षा चांगले आहेत," ते म्हणाले, "नीट खाऊ घाला म्हणजे झालं." तो नीटच खात होता. मग एक दिवस ताई जिन्याखाली उभी असताना तो वरून खाली आला, आणि जिन्याची तिसरी पायरी वाजली नाही. ती पायरी मांजर गेलं तरी करकरायची. ताई त्या पायरीकडे बघत राहिली. मग स्वतः तिच्यावर पाय ठेवला. पायरी करकरली.

थोड्या दिवसांनी त्याला उठवेना. माझी स्प्रिंग आणखी आवळता येईना, म्हणून मला बागेतून दुरुस्तीसाठी आणून फळीवर ठेवलं होतं. चौथ्या खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरायची आणि विरायची, अगदी वर झोपलेल्या ठोक्याच्या श्वासाबरोबर. एकदा भर दुपारी माझ्या पोटात ठक, ठक, ठक असं वाजायला लागलं. ताई वरच्या दुसऱ्या खोलीतून धावत आली. तिच्या चेहऱ्यावर केवढा आनंद होता! "उठलास का रे? कामाला लागलास?" कारखान्यात कुणी नव्हतं. हातोडी खिळ्याला टांगलेली होती. ठक ठक चालूच होती. ताईने फळीवरच्या सगळ्या वस्तूंना एकेक करून कान लावला, पण माझ्याजवळ येईपर्यंत मी आवाज आतल्या आत दाबला.

हो, मीच दाबला. इतका मी हावरट झालो होतो.

ती खाली बसली आणि पदराने तोंड दाबून रडली. "बाबा, ह्याला नका नेऊ," ती म्हणत होती, "मी मोठी आहे, माझा नंबर आधी." मला घडवणारी माझी ताई, माझ्यासमोर जमिनीवर बसून रडत होती, आणि तिचं माणूस मी पोटात घेऊन डौलात उभा होतो. मला माझीच किळस आली. पण मला ना तोंड, ना हात. मला येतं काय? रंग धरता येतो, आणि रंग सोडता येतो. तेवढंच.

मी आतल्या अक्षरांना बाहेर ढकलायला सुरुवात केली. माझी भिंत पातळ आहे, तरी फार जोर लागला. एक अख्खा दिवस गेला, तेव्हा बाहेरच्या हिरव्या रंगावर चौथ्या खिडकीखाली बारीक उंचवटे उठले. दुपारच्या तिरप्या उन्हात ताईला ते दिसले. तिला वाटलं, रंग फुगला, घासण्यात आपणच कुचराई केली. "म्हातारी झालीस बाई," असं स्वतःला म्हणत तिने ते घासून काढले आणि वरून नवा हात दिला. मी पुन्हा ढकललं. तिने पुन्हा घासलं. तिसऱ्या वेळी मी इतका जोर केला की माझ्या अंगाला हा तडा गेला. आजही आहे, बघा.

या खेपेला तिने पॉलिश पेपर खाली ठेवला. बोटांनी उंचवटे चाचपले. एक गोल, एक उभी रेघ, सगळं उलटं, आतून कुणी लिहिल्यासारखं. रोज सकाळी ती ठोक्याची दाढी करून द्यायची, तो आरसा टेबलावरच होता. तिने तो माझ्यापुढे धरला.

आरशात तिचंच अक्षर होतं. तिच्या हातून आरसा निसटला.

ती जिना चढून वर गेली आणि थोड्या वेळाने ठोक्याला घेऊन खाली आली. साठीतला आडवा गडी, आणि तिने त्याला एका हातावर उचलून आणला होता. तिने त्याला माझ्यासमोर खुर्चीवर ठेवलं. खुर्चीला पत्ताही लागला नाही.

"मी तुझं नाव आत लिहिलंय," ती म्हणाली. "ब्रश बघताना."

ठोक्या हसला. आवाज अगदी बारीक झाला होता. "तरीच! आणि मी डॉक्टरला शिव्या घालतोय."

"थट्टा करू नकोस. छत काढायचं कसं?"

"निघायचं नाही ते. माझा सरस आहे, ताई." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा जीव माझ्यासाठी तुटतोय हे मला दिसलं. मित्रांनो, त्याचा, माझ्यासाठी! "भिंतच काप," तो म्हणाला. "पण खिडकीच्या कडेने घे. मधून कापलंस तर वाईट दिसेल."

"दिसू दे वाईट!" ताई ओरडली आणि तिने बारीक करवत लावली.

दुखलं. फार दुखलं. करवतीच्या प्रत्येक फेऱ्याला ठोक्याही कळवळत होता आणि "थांबू नको" म्हणत होता. मी अंग सैल सोडलं आणि जेवढं होतं तेवढं सगळं सोडून दिलं. वीतभर लाकडाचा तुकडा सुटून टेबलावर पडला.

त्याच क्षणी ठोक्याखालची खुर्ची मोठ्याने करकरली. तिचा एक पाय मोडला आणि ठोक्या धाडकन जमिनीवर आपटला. ताई त्याच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती. "अगं, माकडहाड मोडलं माझं," तो म्हणत होता. त्याचा आवाज चांगला दणदणीत होता. त्याच दुपारी त्याने त्या तुकड्यावर रंधा मारला, अक्षरांचा ठिपकाही उरेना तोवर. आणि भुसा फुंकून टाकला.

मी पुन्हा हलका झालो. भिंतीत भोक पडलेला डबा कोण रुळावर ठेवणार? माझ्या जागी दुसरा पाचवा डबा आला. मी खिडकीजवळच्या फळीवर बसलो. धूळ बसली, रंग उडाला, कोळ्याने भोकात जाळं केलं. पण तक्रार नव्हती. खाली ठक ठक चालायची, ताई गुणगुणत अक्षरं ओढायची. अशी बारा वर्षं गेली, आणि ती माझी सगळ्यात चांगली वर्षं.

गेल्या हिवाळ्यात ताई गेली. म्हातारपणाने, झोपेत. तिचं नाव कुणीही, कुठेही चुकून लिहिलं नव्हतं.

ठोक्या पंधरा दिवस कारखान्यात आला नाही. मग एका सकाळी आला, मला फळीवरून काढलं, धूळ पुसली. माझं छत त्याने तासाभरात, कडेने सरस सोलत, काढलं. निघायचं नाही म्हणाला होता ते, पण बारा वर्षांत सरस ठिसूळ झाला होता. मग ताईचा ब्रश घेऊन भोकासमोरच्या भिंतीवर, पहिल्या खिडकीखाली ‘ताई’ लिहिलं. त्याला अक्षरं येत नाहीत. वाकडीतिकडी आली, रंग खाली ओघळला. तरी ताई आली. माझी ती बाजू अलगद खाली बसली, आणि तिच्या काठीचं टोक माझ्या भिंतीला टेकल्याचं मला जाणवलं.

मला वाटलं, तो आता छत लावेल. त्याने ब्रश पुन्हा रंगात बुडवला. आणि तिच्या शेजारी स्वतःचं नाव लिहायला लागला.

"घे रे," तो मला म्हणाला. "तेव्हा घेतलंस ना? आता मी सांगतोय."

मी लाकडाचा एकेक कण मिटून घेतला. रंग माझ्यावर राहिला, पण मी आत ओढला नाही. आणि मी एकटा नव्हतो. त्याच्या डोळ्यांदेखत ती ओली अक्षरं शेवटाकडून पुसली जायला लागली, कुणी चिंधी फिरवावी तशी. आधी ‘क्या’ गेला, मग मात्रा, मग ‘ठ’. भिंत कोरी झाली. ठोक्या माझ्यावर डोकं टेकून म्हणाला, "ताई, असं करू नकोस गं."

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लिहिलं. आम्ही पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता रोजचं झालंय. हातोडी खिळ्याला तशीच टांगलेली आहे. तो सकाळी येतो, नाव लिहितो, बघत बसतो, वर जातो.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आमची काळजी घ्या, आम्हाला रंग द्या, पुसून ठेवा. माझं तसं मागणं नाही. मला रंग तर मुळीच नको. मी जुनं लाकूड आहे. जुनं लाकूड सुकत जातं, आणि सुकलेलं लाकूड रंग पितं. किती मिटून घेणार? परवा ‘ठ’ची एक पुसट कड मागे राहिली. आज सकाळी अख्खा गोल राहिला. ताईने पुष्कळ घासलं, गेला नाही. आणि आज ठोक्या वर गेला, तेव्हा तिसरी पायरी अगदी हळू वाजली.

म्हणून काळजी घ्यायची असेल तर त्याची घ्या. तो एकटा आहे, आणि त्याला ठोकायला काही उरलेलं नाही. बागेच्या मागच्या रस्त्यावर निळं दार आहे, दिवसभर उघडंच असतं. तुमच्याकडे मोडकी गाडी असेल, पाय तुटलेला घोडा असेल, चाक निघालेलं काहीही असेल, ते घेऊन जा. "आजोबा, एवढं नीट करून द्या," म्हणा. तो नको म्हणेल. तुम्ही हटू नका. उद्या दुसरं न्या. परवा तिसरं.

मोडकं काही नसेल, तर मोडून न्या. पण आजच जा.